पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरमधला स्क्रू कम्प्युटरवर तपासायचाय? पहिलं मॉडेल असं करा

पेल्व्हिसचं (कमरेखालच्या हाडांच्या रिंगचं) फ्रॅक्चर आणि त्यात बसवलेले स्क्रू यांचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (वस्तूचे छोटे तुकडे करून कम्प्युटरवर तिच्यावरचा ताण काढायची पद्धत) करायला घेणारे बहुतेक जण एकतर मेकॅनिकलचे असतात, ज्यांना सॉफ्टवेअर येतं पण हाड माहीत नसतं, नाहीतर ऑर्थोचे रेसिडेंट असतात, ज्यांना हाड तोंडपाठ असतं पण मेश म्हणजे त्या तुकड्यांची जाळी म्हटलं की गाडी अडते. हा लेख दोघांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: या मॉडेलमध्ये स्क्रू हा सगळ्यात सोपा भाग आहे. टायटॅनियम कसं वागतं ते आपल्याला नीट माहीत आहे. उत्तर ठरतं ते स्क्रूच्या आजूबाजूला तुम्ही काय गृहीत धरलंय त्यावर, म्हणजे फ्रॅक्चरच्या दोन तोंडांमध्ये काय चाललंय, सॅक्रोइलियाक जॉइंटला (पाठीच्या कण्याच्या टोकाशी असलेलं त्रिकोणी हाड म्हणजे सॅक्रम, ते आणि खुब्याचं हाड यांच्यातला सांधा) किती हलू दिलंय, आणि पेल्व्हिस कुठे पकडून ठेवलाय. नवीन माणूस स्क्रूचे आटे काढण्यात आठवडे घालवतो आणि लोड-सपोर्ट पाच मिनिटांत लावून मोकळा होतो. वेळेची वाटणी बरोबर उलटी हवी.

आधी प्रश्न ठरवा

"स्क्रू टिकेल का?" हा प्रश्न घेऊन बसू नका. पेशंटचं हाड किती ठिसूळ आहे, तो पाय कधी टेकवणार, किती चालणार, हाड कधी जुळून येणार, यातलं काहीच तुमच्या मॉडेलच्या हातात नाही. तुलना विचारा. एकच हाड, एकच फ्रॅक्चर, एकच लोड, आणि एका मॉडेलमध्ये एस-वनमध्ये एक स्क्रू तर दुसऱ्या मॉडेलमध्ये एस-वन आणि एस-टूमध्ये एकेक (एस-वन, एस-टू म्हणजे सॅक्रमचे वरून पहिला आणि दुसरा मणका). किंवा एका बाजूने घातलेला आखूड इलियोसॅक्रल (खुब्याच्या हाडातून सॅक्रममध्ये जाणारा) स्क्रू विरुद्ध आरपार जाणारा ट्रान्ससॅक्रल. तुलनेचा फायदा असा की गृहीतकांमधले बरेचसे दोष दोन्ही मॉडेलमध्ये सारखेच असतात, त्यामुळे फरक काढताना त्यांचा परिणाम बराच कमी होतो, पूर्ण जात नाही पण कमी नक्की होतो.

फ्रॅक्चर कुठलं घ्यायचं? सॅक्रमसाठी डेनिसची १९८८ ची विभागणी आजही वापरतात. झोन एक म्हणजे फोरामिनाच्या (नसा बाहेर पडायच्या भोकांच्या) बाहेर, सॅक्रमच्या पंखातून जाणारं, झोन दोन म्हणजे फोरामिनामधून जाणारं आणि झोन तीन म्हणजे मधल्या कॅनॉलपर्यंत पोचलेलं. पहिल्या मॉडेलसाठी एका बाजूचं, उभं, झोन दोनचं फ्रॅक्चर चांगलं, कारण ते एका प्लेननं कापता येतं आणि त्यावर आधी झालेलं काम भरपूर आहे.

इथे एक गोष्ट मेकॅनिकलवाल्यांच्या नजरेतून सुटते. पेल्व्हिस ही रिंग आहे: मागे सॅक्रम, दोन्ही बाजूंना खुब्याची मोठी हाडं, पुढे सिम्फिसिस म्हणजे दोन्ही हाडं जोडणारा सांधा. कडक रिंग शक्यतो एकाच जागी तुटत नाही, मागे तुटली की पुढेही प्युबिक रॅमस (पुढचा पट्टीसारखा पातळ भाग) तुटलेला असतो किंवा सिम्फिसिस उघडलेला असतो. तुम्ही फक्त मागचं फ्रॅक्चर काढलं आणि पुढची रिंग अखंड ठेवली तर मॉडेल छान स्थिर दिसतं आणि कुठलाही स्क्रू पास होतो. टाइल सी प्रकारच्या (मागची रिंग पूर्ण तुटून पेल्व्हिस सगळ्या दिशांना अस्थिर होतो तशा) इजेबद्दल बोलायचं असेल तर पुढेही कापा, त्याच बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही रॅमस.

सीटी आणि सेगमेंटेशन

सीटीची स्लाइस १ मिमी किंवा त्याहून पातळ हवी. ३ किंवा ५ मिमीच्या स्लाइसवरून रॅमस आणि सॅक्रमची फोरामिना नीट निघत नाहीत, पायऱ्या-पायऱ्या दिसतात, आणि त्या घासून गुळगुळीत केल्या की हाड बारीक होतं. हॉस्पिटलमधून डेटा घेत असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि डायकॉम (स्कॅन साठवण्याच्या) फाइलमधून पेशंटचं नाव-नंबर काढून टाकणं हे दोन्ही आधी, नंतर नाही. फाइलचं नाव बदललं म्हणजे नाव गेलं असं नसतं, ते आत हेडरमध्ये लिहिलेलं असतं. परवानगीला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत सार्वजनिक डेटावर हात बसवा, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा व्हिजिबल ह्युमन आहे, कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हमध्ये पोटाचे आणि ओटीपोटाचे भरपूर स्कॅन आहेत, सीटीपेल्व्हिक-वन-के हा खास पेल्व्हिसचा सेगमेंट केलेला डेटा आहे.

पहिल्यांदा करताना फ्रॅक्चर झालेल्या पेशंटचं सीटी घेऊ नका. त्यात तुकडे सरकलेले असतात, ते आधी कम्प्युटरवर जागेवर बसवावे लागतात, आणि ते काम स्वतःच एक वेगळा प्रोजेक्ट आहे. न मोडलेला पेल्व्हिस घ्या आणि फ्रॅक्चर तुम्ही काढा.

सेगमेंटेशनला, म्हणजे स्कॅनमधून हाड वेगळं काढायला, थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. मिमिक्स हे विकतचं सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच, पण नाही म्हणून अडून राहू नका. हाडाचा थ्रेशोल्ड साधारण २२० ते २३० हौन्सफील्ड युनिटपासून (सीटीत घनता दाखवणारा आकडा) सुरू करतात, आणि तिथेच दोन भानगडी दिसतात. एक म्हणजे फीमरचं म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं आणि खुब्याची वाटी म्हणजे अ‍ॅसिटॅब्युलम चिकटून एक होतात, तसंच सॅक्रम आणि इलियमही (खुब्याच्या हाडाचा वरचा पसरट भाग) सॅक्रोइलियाक जॉइंटमध्ये चिकटतात. दुसरं म्हणजे वयस्कर हाडात सॅक्रमच्या आतला स्पंजी भाग थ्रेशोल्डच्या खाली जातो आणि हाडात मोठी पोकळी दिसते. पोकळी भरून घ्यायची, पण भरताना फोरामिना बुजवू नका, तिथून नसा जातात आणि स्क्रू तिथे शिरला की नाही हे तुम्हाला पुढे बघायचंय. टोटलसेगमेंटेटर नावाचं ऑटोमॅटिक टूल स्लायसरमध्ये चालतं, सॅक्रम आणि दोन्ही खुब्याची हाडं वेगवेगळी काढून देतं, सुरुवातीला त्याने बराच वेळ वाचतो, पण सॅक्रोइलियाक जॉइंटची रेषा प्रत्येक स्लाइसवर डोळ्यांनी बघून दुरुस्त करा. ही रेषा चुकली तर स्क्रू कुठल्या कॉर्टेक्समधून (हाडाच्या बाहेरच्या कडक थरातून) किती लांब जातो तेच बदलतं.

स्मूदिंग केल्यावर आकारमान तपासायची सवय लावा. आधी किती घन मिमी होतं आणि नंतर किती, एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. रॅमससारखा पातळ भाग स्मूदिंगमध्ये सगळ्यात जास्त झिजतो आणि वाकण्यातली ताकद तर जाडीच्या कितीतरी पट वेगाने पडते.

हाड उभं करा

सीटी झोपलेल्या माणसाचं असतं, लोड तुम्ही उभ्या माणसाचा देणार आहात. मॉडेल तसंच ठेवून झेड अ‍ॅक्सिसवर खाली लोड दिला तर सॅक्रमवरचं बल चुकीच्या कोनात लागतं. उभं राहिल्यावर पुढचे दोन इलियाक स्पाइन म्हणजे एएसआयएस आणि प्युबिक ट्युबर्कल साधारण एकाच उभ्या प्लेनमध्ये येतात असं मानून पेल्व्हिस फिरवून घ्यायची पद्धत आहे. माणसागणिक थोडाफार फरक पडतो, पण दोन मॉडेलची तुलना करायला एवढं पुरतं. हे फिरवणं मेशच्या आधी करा, म्हणजे पुढे सगळ्या दिशा सरळ राहतात.

फ्रॅक्चर कापणं

प्लेननं सरळ काप घ्या. खरं फ्रॅक्चर खडबडीत असतं, दाते एकमेकांत अडकतात, तुमचा काप गुळगुळीत असणार, हा फरक पुढे फ्रिक्शनमध्ये भरून काढावा लागतो. मग प्रश्न येतो की तुकडे एकमेकांना टेकलेले ठेवायचे की मध्ये १-२ मिमी गॅप ठेवायची. याचं उत्तर मॉडेलचा निकाल पार पालटून टाकू शकतं. गॅप ठेवली की सगळा भार स्क्रूवर येतो आणि स्क्रू वाकतो. टेकलेले ठेवले की हाड हाडावर भार देतं आणि स्क्रूचं काम फक्त दाबून धरण्याचं आणि सरकू न देण्याचं राहतं. पहिलं चित्र चुरा झालेल्या फ्रॅक्चरचं, दुसरं नीट जागेवर बसवलेल्याचं. दोन्ही खऱ्या आयुष्यात असतात म्हणून दोन्ही चालवा. ज्या लेखात यातलं एकच आहे आणि कुठलं ते सांगितलेलं नाही, त्यातल्या आकड्यांशी आपले आकडे जुळवत बसण्यात अर्थ नाही.

स्क्रू

इलियोसॅक्रल स्क्रू म्हणून बहुतेक ६.५, ७.० किंवा ७.३ मिमीचे कॅन्युलेटेड स्क्रू वापरतात, म्हणजे मधून गाइड वायर जाण्यासाठी पोकळ. आटे काढायचे की नाही? पहिल्या मॉडेलमध्ये नाही. पण मग सरळ सिलिंडर काढताना व्यास कुठला घ्यायचा ते विचार करून ठरवा, कारण बहुतेक जण डोळे झाकून ७.३ घेतात. हिशोब करून बघा. समजा आट्यांच्या मुळाशी व्यास ५ मिमी आहे आणि आतलं भोक २.८ मिमी. वाकण्यातला कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. ५ चा चौथा घात ६२५, त्यातून २.८ चा चौथा घात म्हणजे ६१ वजा केला की ५६४ उरतात. म्हणजे भोकामुळे जेमतेम १० टक्के गेले. आणि ७.३ चा चौथा घात? २८४०. म्हणजे भरीव ७.३ मिमीचा सिलिंडर घेतला की तुमचा स्क्रू खऱ्यापेक्षा पाचपट कडक झाला. भोक काढायला विसरलात तर फारसं बिघडत नाही, बाहेरचा व्यास चुकला तर सगळंच बिघडतं. म्हणून धातूची जाडी मुळाच्या व्यासाने घ्या आणि तुमच्या स्क्रूचा खरा मूळ-व्यास कंपनीच्या कॅटलॉगमधून बघून टाका.

स्क्रूचा मार्ग ऑर्थोच्या माणसाला विचारून काढा, ही औपचारिकता नाही. सॅक्रमच्या फ्रॅक्चरसाठीचा स्क्रू जवळपास आडवा जातो, म्हणजे तो फ्रॅक्चरला काटकोनात येतो, आणि नुसता सॅक्रोइलियाक जॉइंट निखळला असेल तर स्क्रू तिरका, मागून पुढे आणि खालून वर असा जातो. एस-वनच्या कॉरिडॉरला मागे-खाली फोरामेन आहे आणि पुढे सॅक्रमच्या पंखाचा उतार, ज्याच्यावरून एल-फाइव्हची (कमरेच्या पाचव्या मणक्याची) नस जाते. काही लोकांचं सॅक्रम डिस्मॉर्फिक म्हणजे वेगळ्या घडणीचं असतं, त्यांच्यात एस-वनमधून आडवा आरपार स्क्रू बसतच नाही. मॉडेलमध्ये अशा जागी स्क्रू घालून "हा सगळ्यात मजबूत" असं म्हणायला कम्प्युटर तुम्हाला अडवत नाही, म्हणून आधी सीटीवर स्क्रूचा सिलिंडर ठेवून प्रत्येक स्लाइस बघायची आणि सगळीकडून हाडाची थोडी जाडी शिल्लक आहे याची खात्री करायची.

हाडातून स्क्रूची जागा वजा करणं म्हणजे बुलियन. एसटीएल (थ्रीडी पृष्ठभागाच्या) फाइलींवर ते सारखं फसतं. सोपा मार्ग सांगतो: स्लायसरमध्येच स्क्रूचा सेगमेंट तयार करा आणि व्हॉक्सेल म्हणजे स्कॅनचे छोटे ठोकळे बारीक करून तिथेच वजाबाकी करा, मग मेश काढा. कडा थोड्या खडबडीत येतात पण मेश फुटत नाही. तेही नको असेल तर स्क्रू बीम एलिमेंटने म्हणजे नुसत्या रेषेने दाखवून हाडात एम्बेड करता (रुतवता) येतो, चाचणीच्या पहिल्या रनला हे छान, फक्त लक्षात ठेवा की त्यात स्क्रू हाडात सरकूच शकत नाही.

मटेरियल

कॉर्टिकल हाडाला १७,००० मेगापास्कल आणि पॉयसन रेशो (दाबल्यावर आडवं किती फुगतं त्याचं प्रमाण) ०.३ हे आकडे पेल्व्हिसच्या मॉडेलमध्ये सर्रास दिसतात, आतल्या स्पंजी हाडाला शंभर-दीडशे मेगापास्कलच्या आसपास आणि ०.२. टायटॅनियम मिश्रधातूला १,१०,००० च्या आसपास, स्टीलला जवळपास २,००,०००. पेल्व्हिस म्हणजे सँडविच आहे, बाहेर पातळ कडक कवच आणि आत मऊ गाभा, डाल्स्ट्रा आणि हाऊस्केस यांनी १९९५ मध्ये हे नीट दाखवलं, आणि भार बराचसा कवचातून जातो. २००५ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी एकेक इनपुट बदलून पाहिलं तेव्हा कवचाची जाडी आणि त्याचा कडकपणा यांनीच कवचावरच्या स्ट्रेनवर (लांबी किती प्रमाणात बदलली त्यावर) सगळ्यात जास्त फरक पडला. कवच साधारण १ ते २ मिमी, काही ठिकाणी त्याहूनही पातळ, आणि सीटीचा पिक्सेलच ०.७-०.९ मिमीचा, त्यामुळे स्कॅनमध्ये ते पसरून जाड आणि फिकं दिसतं. म्हणून स्कॅनवर मोजलेली जाडी हे अंतिम सत्य मानू नका. १, १.५ आणि २ मिमी अशा तीन जाड्या चालवून बघा.

दुसरी पद्धत म्हणजे हौन्सफील्डवरून डेन्सिटी आणि डेन्सिटीवरून कडकपणा काढून प्रत्येक एलिमेंटला स्वतःचा आकडा द्यायचा. यासाठी इटलीत बोलोन्यातल्या रिझोली इन्स्टिट्यूटचं बोनमॅट हे सॉफ्टवेअर आहे. स्क्रूच्या बाबतीत हे जास्त बरोबर, कारण सॅक्रमच्या पंखात बऱ्याचदा, खास करून वयस्कर माणसात, जवळपास पोकळ जागा असते आणि एस-वनच्या बॉडीत हाड घट्ट असतं. स्क्रूची पकड कुठे आहे हे त्यावरच ठरतं. पण स्कॅनसोबत कॅलिब्रेशन फँटम (घनता माहीत असलेला नमुना) नसेल तर डेन्सिटीचे आकडे सैल असतात, आणि डेन्सिटीवरून कडकपणा काढायचं समीकरण शरीराच्या ज्या भागातल्या हाडावरून काढलंय त्याच भागासाठी खरं मानायचं. मांडीच्या हाडाचं समीकरण सॅक्रमला लावलेलं खूप ठिकाणी दिसतं.

युनिट एकच ठेवा, मिमी, न्यूटन, मेगापास्कल. १७,००० मेगापास्कलच्या ऐवजी गिगापास्कलमधलं नुसतं १७ टाकलं तर मॉडेल चालतं, एरर येत नाही, हाड रबरासारखं वागतं.

जॉइंट, लिगामेंट, कॉन्टॅक्ट

लिगामेंट दोरीसारखे असतात, ताणले की धरतात आणि ढकललं की काहीच करत नाहीत, म्हणून त्यांना फक्त ताणात काम करणाऱ्या स्प्रिंग द्या. साधी दोन्हीकडे काम करणारी स्प्रिंग दिली तर ती दाबातही आधार देते आणि स्क्रूचा भार फुकट कमी होतो. कोणकोणते? मागचे आणि पुढचे सॅक्रोइलियाक, त्यांच्यामधला इंटरऑशियस जो सगळ्यात दणकट आहे, खाली सॅक्रोस्पायनस आणि सॅक्रोट्युबरस, पुढे सिम्फिसिसचे. एकाच लिगामेंटला एकच स्प्रिंग देऊ नका, चिकटण्याच्या जागेवर पसरून अनेक द्या आणि एकूण कडकपणा त्यांच्यात वाटा. काही शे ते दोन-तीन हजार न्यूटन प्रति मिमी अशी रेंज साहित्यात दिसते, आणि ती इतकी पसरलेली आहे म्हणूनच हा आकडा अर्धा आणि दुप्पट करून पुन्हा चालवायचा. इजेमध्ये कुठले लिगामेंट तुटलेत ते ठरवून काढायलाही विसरायचं नाही.

सिम्फिसिसची डिस्क मऊ, काही मेगापास्कलची. सॅक्रोइलियाक जॉइंट मात्र टाय करून टाकू नका. टाय केला म्हणजे जॉइंट वेल्ड केला, आणि इलियोसॅक्रल स्क्रू तर त्याच जॉइंटमधून जातो, मग त्याला काम काय उरलं? तिथे सरकणारा कॉन्टॅक्ट ठेवा, फ्रिक्शन शून्याच्या जवळ.

फ्रॅक्चरच्या तोंडांवर फ्रिक्शनसह कॉन्टॅक्ट, ०.३ पासून सुरू करून ०.६ पर्यंत जाऊन बघा, गुळगुळीत कापाचा दोष इथे भरून निघतो. स्क्रू आणि हाड यांच्यात आट्यांचा भाग टाय चालतो, पण आटे नसलेला दांडा टाय करू नका. अर्ध्या आट्यांच्या स्क्रूचं सगळं काम यावर चालतं: पुढचे आटे पलीकडच्या तुकड्यात रुततात, डोकं आणि वॉशर अलीकडच्या तुकड्याला ढकलतं, आणि मधला दांडा मोकळा सरकतो म्हणून फ्रॅक्चर दाबलं जातं. दांडा टाय केला तर पूर्ण आट्यांचा आणि अर्ध्या आट्यांचा स्क्रू मॉडेलमध्ये एकच होतो, आणि मग त्या दोघांची तुलना करणाऱ्या लेखाचा निकाल "फरक नाही" असा निघाला तर आश्चर्य नको. हा दाब बोल्ट प्रीटेन्शनने (स्क्रूला आधीच ताण देऊन) देता येतो, अ‍ॅबॅकस, अ‍ॅन्सिस आणि फुकटच्या कॅल्क्युलिक्समध्येही सोय आहे. दाब शून्य ठेवून एकदा आणि देऊन एकदा चालवा. हाड हळूहळू सैलावतं आणि ऑपरेशनच्या टेबलावरचा दाब टिकत नाही, त्यामुळे शून्यवालं मॉडेल हे नंतरच्या दिवसांचं वाईटातलं वाईट चित्र समजा. झोन दोनमध्ये तर खूप दाबणंच धोक्याचं, फोरामेन चेपून नस दबू शकते, सर्जन तिथे मुद्दाम कमी दाबतो.

मेश

दहा नोडचे टेट्राहेड्रॉन वापरा, म्हणजे चार त्रिकोणी तोंडांचे तुकडे, ज्यांच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर मिळून दहा बिंदू म्हणजे नोड असतात. चार नोडचे वाकण्यात फार कडक वागतात. स्क्रूपासून लांबच्या हाडात एलिमेंट २-३ मिमीचे, स्क्रूजवळ आणि फ्रॅक्चरच्या तोंडावर १ मिमी किंवा कमी. एलिमेंट काही लाखांवर जातील, त्याला इलाज नाही. मग मेश बारीक करत न्या आणि तुम्ही जो आकडा रिपोर्ट करणार आहात तोच बघा, सगळीकडचा कमाल स्ट्रेस (क्षेत्रफळामागचं बल) नाही. ५ टक्क्यांपेक्षा कमी बदल झाला की थांबायचं अशी रीत आहे. टोकदार कोपऱ्यावरचा स्ट्रेस मेश जितकी बारीक कराल तितका वाढतच जातो, तो कधीच स्थिरावत नाही, त्याच्या मागे लागू नका.

लोड आणि सपोर्ट

इथे वेळ द्या. दोन पायांवर उभ्या ७० किलोच्या माणसात डोकं, हात आणि धड मिळून वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग असतो, म्हणजे ४५०-५०० न्यूटन, तो एस-वनच्या वरच्या पृष्ठभागावर द्या. एका नोडवर नाही, पूर्ण पृष्ठभागावर. साहित्यात ५०० किंवा ६०० न्यूटन खूप दिसतात ते इथूनच.

सपोर्ट खुब्याच्या सांध्यात. इलियमची कड पकडून ठेवलेली मॉडेल्स बघितली असतील, त्यात भार खऱ्या वाटेने जातच नाही. दोन्ही अ‍ॅसिटॅब्युलम पूर्ण जाम करणंही बरं नाही, कारण मग खालून पेल्व्हिस दोन भिंतींमध्ये अडकतो आणि रिंगला उघडायला जागाच राहत नाही. फीमरची डोकी बॉल-जॉइंटसारखी ठेवा, फिरू द्या, आणि एका बाजूला आडवं सरकायची मोकळीक द्या.

एका पायावर उभं करायचा मोह होईल कारण तिथे खरा ताण येतो, चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच पटीच्या आसपास बल येतं हे बर्लिनच्या बर्गमन यांच्या गटाने सेन्सर बसवलेल्या कृत्रिम सांध्यांतून मोजलंय. पण ते अडीच पट येतं कुठून? ग्लुटियस मीडियससारखे स्नायू पेल्व्हिस कलू नये म्हणून ओढतात तिथून. स्नायू न घालता एका पायाचं मॉडेल केलं तर पेल्व्हिस सांध्याभोवती गोल फिरतो, आणि तो फिरू नये म्हणून लोक सांधा जाम करतात, आणि मग तो सगळा मोमेंट म्हणजे फिरवणारा जोर हाडात आणि स्क्रूत खोटा उतरतो. स्नायूंची बलं देता येत नसतील तर दोन पायांवरच थांबा.

चालवताना आणि नंतर

आधी फ्रॅक्चर आणि स्क्रू दोन्ही न घालता अखंड पेल्व्हिस चालवा. खालच्या सपोर्टची बेरीज दिलेल्या लोडइतकी आली का, डावी-उजवी बाजू साधारण सारखी का. हे जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. मग फ्रॅक्चर घाला पण कॉन्टॅक्ट सगळा टाय ठेवा, मग एकेक कॉन्टॅक्ट मोकळा करा. सगळं एकदम मोकळं केलं की सॉल्व्हर कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तरावर स्थिरावत नाही, आणि कशामुळे ते कळत नाही. तुकडा सुरुवातीला हवेत तरंगत असेल तर अगदी मऊ स्प्रिंगने धरा, फक्त शेवटी त्या स्प्रिंगमध्ये किती बल गेलं ते तपासा, नगण्य असायला हवं. पैसे घालायचे नसतील तर जीमेश, प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्स हा संच किंवा फेबिओ, दोन्हीत यातलं बरंचसं होतं.

निकाल वाचताना रंगीत चित्रातल्या लाल ठिपक्यावर जाऊ नका. आधी बघायचं ते फ्रॅक्चरचं सरकणं: समोरासमोरच्या नोडच्या जोड्या धरून उघडणं वेगळं, घसरणं वेगळं, वर-मध्ये-खाली असं तीन-चार जागी. हाड कसं जुळतं यावर काम केलेल्या पेरेन यांचा इंटरफ्रॅगमेंटरी स्ट्रेनचा विचार इथे उपयोगी पडतो, गॅपमधली हालचाल भागिले गॅप, २ टक्क्यांच्या खाली असेल तर हाड थेट जुळू शकतं, १० टक्क्यांपर्यंत कॅलसने (जुळताना भोवती तयार होणाऱ्या नव्या हाडाने). म्हणजे १ मिमीच्या गॅपमध्ये ०.१ मिमी हललं की १० टक्के झाले. पेल्व्हिसच्या स्पंजी हाडाला ही मर्यादा जशीच्या तशी लावता येत नाही, पण कुठला स्क्रू बरा हे सांगायला चांगली पट्टी आहे.

मग स्क्रूतला व्हॉन मिसेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचा मिळून एक आकडा), मुख्यतः फ्रॅक्चर ओलांडतो त्या जागी. टायटॅनियम मिश्रधातूचं यील्ड (कायमचं वाकायला लागायची मर्यादा) ८०० मेगापास्कलच्या आसपास, पण माणूस रोज हजारो पावलं टाकतो, म्हणून फटीगची (पुन्हापुन्हा भार येऊन तुटण्याची) मर्यादा बघायची, ती यील्डच्या बरीच खाली असते. आणि हाडात व्हॉन मिसेस नको, प्रिन्सिपल स्ट्रेन (सगळ्यात जास्त ताण किंवा दाब असलेल्या दिशेतला) बघा. स्पंजी हाड ०.७ ते १ टक्का स्ट्रेनला चेपायला लागतं. स्क्रूभोवती त्याच्या वर गेलेल्या हाडाचं आकारमान किती घन मिमी, हा आकडा कमाल स्ट्रेनपेक्षा कितीतरी जास्त भरवशाचा, कारण एखाद्या वाकड्या एलिमेंटने तो बिघडत नाही. वयस्कर पेशंटमध्ये स्क्रू तुटण्याआधी हाडातून सैल होतो, बाहेर सरकतो, त्यामुळे स्क्रूचा स्ट्रेस कमी आला म्हणून फिक्सेशन चांगलं असं होत नाही.

शेवटी पडताळा. मेश आणि बेरजा तपासणं म्हणजे समीकरणं बरोबर सुटली एवढंच, ती समीकरणं खऱ्या हाडाची आहेत का हे वेगळं. कॅडॅव्हरच्या (मृतदेहाच्या) किंवा कृत्रिम हाडावर स्ट्रेन गेज लावून केलेला प्रयोग जवळ असेल तर तोच लोड, तोच सपोर्ट मॉडेलमध्ये देऊन ताडून बघा, नसेल तर प्रकाशित प्रयोगाशी, पण मग त्यांचा सपोर्ट जसाच्या तसा उचला. मेडिकल डिव्हाइसच्या मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा यासाठी एएसएमईचं (अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचं) व्ही अँड व्ही ४० हे २०१८ चं स्टँडर्ड आहे. त्याचा गाभा असा की मॉडेलवरून जो निर्णय घेणार तो चुकला तर नुकसान किती, त्यावर पडताळा किती कडक हवा ते ठरतं. पेपरसाठी दोन स्क्रूंची तुलना आणि एखाद्या पेशंटला पाय टेकवायला सांगणं, या दोन गोष्टींना एकच मॉडेल पुरत नाही.

लिहिताना एक आकडा देऊ नका, टेबल द्या: गॅप असताना आणि नसताना, दाब असताना आणि नसताना, कवच १ आणि २ मिमी, लिगामेंट अर्धे आणि दुप्पट. या सगळ्या रनमध्ये दोन स्क्रूवाली रचना एका स्क्रूपेक्षा कमी सरकत असेल तर ते बिनधास्त लिहा. क्रम मध्येच उलटत असेल तर कुठल्या रनमध्ये उलटला ते लिहा, सर्जनला तेच हवं असतं, कारण त्याच्या समोरच्या पेशंटचं फ्रॅक्चर चुरा झालेलं आहे की नीट बसलेलं हे त्याला दिसतंय.